डीबीएसने एमएस बरा होत नाही, फार तर हाताचा कंप कमी होतो

जळगाव, भुसावळ, अमळनेरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. खुर्चीत बसलेल्या माणसाचा मांडीवरचा हात थडथड हलतोय, कुणीतरी रिमोटचं बटण दाबतं आणि हात शांत होतो. खाली मजकूर: 'मेंदूत मशीन बसवा, मल्टिपल स्क्लेरोसिस मुळापासून बरा. गोळ्या-इंजेक्शनं कायमची बंद. धोका शून्य. खर्च एकदाच.' मी फिजिओथेरपिस्ट आहे, एमएसचे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचे, पेशंट माझ्याकडे येतात. हा मेसेज वाचून एका घरात केळीचं शेत विकायची बोलणी सुरू झाली, म्हणून हे लिहितेय.

'मुळापासून बरा'

नाही. एमएसमध्ये आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरचं मायलिनचं आवरण खराब करते. मेसेजमधलं मशीन म्हणजे डीबीएस, डीप ब्रेन स्टिम्युलेशन. त्यात बारीक तारा मेंदूत खोलवर, बहुतेक वेळा थॅलॅमस या मेंदूतल्या संदेश पुढे पाठवणाऱ्या केंद्रात, बसवतात आणि सेकंदाला साधारण 130 वेळा सौम्य विद्युत स्पंदनं देऊन कंपाचा ताल मोडतात. मायलिनशी त्याचा काही संबंध येत नाही. फ्रान्समधल्या ग्रनोबलचे आलिम-लुई बेनाबिद यांनी 1987 मध्ये ही आधुनिक पद्धत रुळवली, तीही कंपासाठीच. अमेरिकेत औषधं-उपकरणं तपासणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने 1997 मध्ये मान्यता दिली ती पार्किन्सनचा कंप आणि इसेन्शियल ट्रेमर (हात थरथरण्याचा एक वेगळा आजार) यांना. एमएसचा कंप त्या यादीत नव्हता. एमएसच्या कंपासाठी डॉक्टर निवडक पेशंटवर, स्वतःच्या जबाबदारीवर हे ऑपरेशन करतात.

'व्हिडिओत दिसतंय ना, हात थांबला!'

नीट बघा. हात मांडीवर निवांत असताना हलतोय. तो कंप बहुधा पार्किन्सनचा. एमएसचा कंप सहसा याच्या उलट वागतो. माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंचं जेवण बघा: ताटात भरीत आणि कळण्याची भाकरी. हात मांडीवर असतो तोवर स्थिर. घास तोडून उचलला की हेलकावे सुरू होतात, तोंड जवळ येईल तसे वाढत जातात, आणि शेवटी घास गालाला लागतो. लहान मेंदूकडून थॅलॅमसकडे जाणाऱ्या वाटेवर इजा झाली की असं होतं.

यात आणखी एक गुंता आहे, आणि शेत विकण्याआधी तोच समजून घ्यायला हवा. त्या हातात दोन दोष मिसळलेले असतात. एक कंप. दुसरा अटॅक्सिया, म्हणजे किती अंतर, किती जोर, कुठे थांबायचं याचा अंदाजच चुकणं. डीबीएस कंपावर काम करू शकतं, अटॅक्सियावर जवळजवळ नाही. ज्याच्या हातात अटॅक्सिया जास्त, त्याचा हात ऑपरेशननंतर कमी थरथरेल, पण पेला पकडताना चुकेलच. चालणं, बोलणं, थकवा, नजर, लघवीच्या तक्रारी यांत त्याने सुधारणा होत नाही. काही पेशंटना खरोखर चांगला फायदा होतो, स्वतःच्या हाताने जेवता येतं, आणि ही लहान गोष्ट नाही. काहींना होत नाही. काहींचा फायदा आजार पुढे सरकला की ओसरतो. अभ्यासही छोटे आहेत: फ्लोरिडात दोन तारा वापरून केलेली, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी फक्त 12 जणांवर होती.

'उन्हाळ्यात हात जास्त हलतो म्हणजे आजार वाढला, थांबू नका'

हे एका ग्रुपवर पुढे जोडलेलं वाक्य. भुसावळचा पारा मे महिन्यात 45 अंशांपर्यंत जातो. मायलिन गेलेल्या नसेतून संदेश उष्णतेत आणखी अडखळतो, म्हणून नजर धूसर होते, पाय जड होतात, हातही बिघडतो. अंग थंड झालं की हे उतरतं. ही नवी इजा नव्हे. थंड जागेत बसून, ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन नाही ना हे पाहूनही त्रास 24 तासांहून जास्त टिकला, तर मात्र न्यूरोलॉजिस्टला लगेच दाखवा.

'गोळ्या-इंजेक्शनं बंद'

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. एमएसची औषधं कंपासाठी नसतात, आजाराचा पुढचा झटका टाळण्यासाठी असतात. फिंगोलिमॉड किंवा नॅटालिझुमॅबसारखं औषध अचानक सोडलं तर आजार आधीपेक्षा जोराने उसळू शकतो. मशीन बसलं तरी औषध चालूच राहतं.

'धोका शून्य, खर्च एकदाच'

कवटीला भोक पाडून तार आत जाते. मेंदूत रक्तस्राव, इन्फेक्शन, तार सरकणं, बोलणं जड होणं हे धोके थोड्या पेशंटमध्ये असले तरी खरे आहेत. गळ्याच्या हाडाखाली बसवलेली साधी बॅटरी काही वर्षांनी संपते, ती पुन्हा लहान ऑपरेशन करूनच बदलावी लागते. चार्ज होणारी जास्त टिकते, पण महाग. स्पंदनांचं सेटिंग एका भेटीत जमत नाही, म्हणजे मुंबई-पुण्याच्या खेपा आल्या. एमएसमध्ये एमआरआय वारंवार लागतो, तेव्हा मशीन एमआरआयला चालणारं आहे का, कोणत्या अटींवर, हे आधीच विचारायचं.

आणि एक गोष्ट माझ्या धंद्यातली. डीबीएस बसलेल्या माणसाला डायथर्मीचा, म्हणजे मशीनच्या लहरींनी आतपर्यंत देतात तो, शेक कधीच द्यायचा नाही, गुडघ्यालासुद्धा नाही. त्या लहरींनी तारेचं टोक तापून मेंदू भाजतो, यात माणसं दगावली आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात खांदा दुखतो म्हणून गेलात तर मशीनचं कार्ड आधी टेबलावर ठेवा.

अमळनेरहून आलेले एक आजोबा नातवासाठी विचारत होते, "हात थांबी जाई ना?" त्यांना मी न्यूरोलॉजिस्टसाठी तीन प्रश्न कागदावर लिहून दिले. याच्या हातात कंप किती आणि अटॅक्सिया किती? ऑपरेशननंतर तो नेमकं कोणतं काम स्वतः करू शकेल? तुमच्याकडे एमएसच्या किती पेशंटना हे बसवलंय, आणि दोन वर्षांनी त्यांचं कसं चाललंय? याची उत्तरं मिळेपर्यंत शेताचा सौदा थांबवा, असंही सांगितलं.