'रेकॉर्डवर आहे तसं' : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, म्हणून उत्तर द्यायला चार दिवस जाऊ दिले. तुम्ही नाव दिलेलं नाही, तेव्हा नुसतं 'तुम्ही' म्हणते.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी पियानो, बास आणि ड्रम अशा एका जॅझ त्रयीच्या कार्यक्रमाबद्दल लिहिलं होतं आणि ओघाओघात माझ्या रेकॉर्डच्या कपाटाबद्दलही. त्यावर यांचं म्हणणं असं की जॅझ जागच्या जागी घडतो आणि विरून जातो. तो कपाटात रचून ठेवणं म्हणजे फुलपाखराला टाचणी मारणं. शिवाय जुन्या प्रेसिंगमागे, म्हणजे कारखान्यातून आधीच्या काळात दाबून निघालेल्या प्रतींमागे, धावणं हा संगीताचा नव्हे, वस्तूंचा षोक. आणि तिसरं, जे जिव्हारी लागलं: मी कार्यक्रमाला ऐकायला गेलेच नव्हते, ताळा करायला गेले होते. पियानोवाल्याने ती चाल 'रेकॉर्डवर आहे तशी' उलगडली नाही असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचा प्रश्न, "मग घरीच का नाही बसलात?"

टाचणीपासून सुरुवात करते. तुम्ही सॅक्सोफोनवादक एरिक डॉल्फीचा दाखला दिलात: संगीत वाजून संपलं की हवेत जातं, ते पुन्हा पकडता येत नाही. बोल त्याचेच आहेत. पण ते तुमच्या-माझ्यापर्यंत पोचले कसे? २ जून १९६४ रोजी हॉलंडमधल्या हिल्व्हर्समला त्याचं जे वादन ध्वनिमुद्रित झालं, त्याच्या 'लास्ट डेट' या रेकॉर्डच्या अगदी शेवटी त्याच्याच आवाजात ते ऐकू येतात. त्याच महिन्याच्या २९ तारखेला तो बर्लिनमध्ये गेला, वय ३६. पकडता येत नाही असं सांगणारा आवाज रेकॉर्डवर राहिला म्हणूनच आज आपण त्यावर भांडू शकतो. ही कुरघोडी आहे, कबूल. डॉल्फीला जे म्हणायचं होतं ते त्याने खोटं पडत नाही. पण जिथे रेकॉर्ड नाही तिथे काय उरतं, तेही पाहा ना.

ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने रेकॉर्ड कंपन्यांसाठी वाजवणं बंद केलं. भांडण रॉयल्टीचं होतं. डेक्का कंपनीने १९४३ मध्ये तडजोड केली, कोलंबिया आणि व्हिक्टर १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत अडून राहिल्या. नेमक्या याच काळात बीबॉप हा जॅझचा नवा प्रकार आकाराला येत होता. १९४३ मध्ये अर्ल हाइन्सच्या बँडमध्ये चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी हे बीबॉपचे दोन कर्ते एकाच वेळी होते, आणि त्या बँडची बाजारात आलेली एकही रेकॉर्ड नाही. तुमच्या हिशेबाने हे आदर्श संगीत: घडलं, विरलं, कोणी टाचणी मारली नाही. मला मात्र तिथे नुसतं भोक दिसतं. त्याच्या जरा आधी, १९४१ मध्ये, जेरी न्यूमन नावाचा एक विद्यार्थी न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबात तबकडी कोरण्याचं यंत्र घेऊन बसायचा. चार्ली ख्रिश्चन रात्री उशिरा गिटारवर काय काय करून पाहायचा हे आज ऐकता येतं ते त्याच्या त्या खटाटोपामुळे. ख्रिश्चन पुढच्याच वर्षी पंचविशीत गेला. न्यूमनला फुलपाखरं मारणारा म्हणायची माझी तरी छाती नाही.

आता प्रेसिंग. इथे तुम्ही अर्धे बरोबर आहात, आणि मी तुम्हाला वाटते त्यापेक्षा वाईट आहे. रेकॉर्डवर शेवटची खाच संपल्यावर लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, ती मी टॉर्च तिरका धरून वाचते. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या जुन्या रेकॉर्डवर तिथे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरची 'आरव्हीजी' ही खूण सापडते. पूर्वी ही अक्षरं हाताने कोरलेली असत, नंतर शिक्का आला. शेजारी कानासारखी दिसणारी आणखी एक बारीक खूण असेल, तर ती रेकॉर्ड प्लास्टिलाइटच्या कारखान्यात दाबलेली, म्हणजे साधारण १९६६ च्या आधीची. व्हॅन गेल्डर दिवसा डोळे तपासायचा, चष्मे द्यायचा, आणि उरलेल्या वेळात हॅकेनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात जॅझ मुद्रित करायचा; १९५९ मध्ये त्याने इंगलवुड क्लिफ्सला वेगळा स्टुडिओ बांधला. ती खूण दिसली की मला होणारा आनंद सांगीतिक नसतो, हे मान्य. एकदा एका विक्रेत्याकडून 'पहिलं प्रेसिंग' म्हणून मागवलेल्या पाकिटात कव्हर जुनं निघालं आणि आत रेकॉर्ड बऱ्याच नंतरच्या आवृत्तीची. मी संतापले, लांबलचक पत्र लिहिलं आणि मग तीच रेकॉर्ड लावून ऐकली. सुरेख वाजत होती. पत्र तरी पाठवलंच.

आणि पहिलं प्रेसिंग म्हणजे खरं प्रेसिंग, या समजुतीवर ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या रेकॉर्डइतका चांगला उतारा नाही. २ मार्च १९५९ च्या ध्वनिमुद्रणाच्या बैठकीत टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. योग्य वेगावर वाजवलं की ते सगळं जरा वेगात आणि जरा चढ्या सुरात ऐकू येतं. त्यामुळे पहिली संपूर्ण बाजू कितीतरी वर्षं चढीच वाजत राहिली. ती सुधारली १९९२ मध्ये. म्हणजे संग्राहक ज्या प्रतींसाठी जीव टाकतात त्यांचाच सूर चुकीचा! रेकॉर्डबरोबर पियानो वाजवून पाहणाऱ्यांना आपलाच पियानो उतरलाय असं वाटलं असेल. माझ्याकडे जुनी चढी प्रतही आहे आणि सुधारलेलीही. यावर तुम्ही काय म्हणाल ते ठाऊक आहे.

तुमच्या बोलण्यातलं एक गृहीतक मात्र मी सोडणार नाही. एकीकडे जिवंत मैफल, दुसरीकडे मेलेली रेकॉर्ड, असं तुम्ही मांडता. वर 'निदान न्यूपोर्ट महोत्सवातल्या ड्यूक एलिंग्टनच्या बँडसारख्या प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या रेकॉर्ड जमवा' असा सल्लाही देता. ७ जुलै १९५६ ची ती रात्र खरीच अफाट होती: पॉल गोन्साल्व्हिसने टेनर सॅक्सोफोनवर एका दमात ब्लूजचे सत्तावीस कोरस, म्हणजे चालीची सत्तावीस आवर्तनं, वाजवले आणि लोक खुर्च्या सोडून नाचायला लागले. पण तो कोलंबियाच्या मायक्रोफोनसमोर उभाच नव्हता, दुसऱ्याच, व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओच्या माइकमध्ये वाजवत होता. त्यामुळे एलपीवर तो लांबून येतो. त्या एलपीचा इतर बराच भाग तर नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतला आणि वर टाळ्या चढवल्या. पुढे रेडिओची टेप मिळाली, दोन्ही जुळवली गेली आणि १९९९ मध्ये खरी रात्र बाहेर आली. तेव्हा 'प्रत्यक्ष' हा शिक्का बघून विश्वास ठेवण्यात आणि पट्टीवरची खूण बघून भुलण्यात मला फारसा फरक दिसत नाही.

उलट पियानोवादक बिल इव्हान्सच्या त्रयीची २५ जून १९६१ ची रेकॉर्ड घ्या. न्यूयॉर्कचं व्हिलेज व्हॅनगार्ड म्हणजे जिना उतरून जायचं तळघर, जेमतेम सव्वाशे माणसं मावतील एवढं. रविवार, दुपारचे दोन आणि रात्रीचे तीन असे पाच सेट. लोक चक्क गप्पा मारताहेत, पेले किणकिणताहेत, कोणीतरी हसतंय. नंतर निघालेल्या संपूर्ण संचात सुरुवातीलाच वीज जाते आणि 'ग्लोरियाज स्टेप'चा पहिला टेक मध्येच तुटतो. पण मी ती रेकॉर्ड लावते ती स्कॉट लफारोच्या बाससाठी. बासने खाली बसून ठेका मोजत राहायचं, हा शिरस्ता. लफारो मोजत नाही. तो पियानोच्या वाक्यात वाक्य घालतो, मध्येच गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यात इव्हान्स हात वर घेऊन थांबतो. पॉल मोशन ब्रशने ड्रमवर नुसतं पुसल्यासारखं करत राहतो. तिघांपैकी साथ कोण करतंय हे सांगता येत नाही. पहिल्या दहा-बारा वेळा मला यातलं काही कळलं नव्हतं. पियानो छान आहे एवढंच कळलं होतं. थांबणं ऐकू यायला वर्ष लागलं असेल. मैफल एकदाच मिळते, तिथे वर्ष मिळत नाही. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लफारो मोटार अपघातात गेला. तोही पंचविशीतच.

आणि इथेच तुमचा तिसरा आक्षेप मला येऊन भिडतो.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी त्या कार्यक्रमाची वही काढली. कार्यक्रमात मी अंधारात न बघता लिहिते, त्यामुळे ओळी एकमेकींवर चढलेल्या असतात. जिथे मी 'दुसरा भाग नीट उलगडला नाही' असं लिहिलंय, त्याच्या वर, तिरकं, एक ओळ आहे: 'बासची तार उतरली. पियानो थांबला?' पुढे प्रश्नचिन्ह. आता आठवतंय ते असं. बासवाल्याने वाजवता वाजवता डावा हात वर नेऊन खुंटी पिळली. ती तार सुरात येईपर्यंत पियानोवाल्याने चालीचा पुढचा भाग सुरूच केला नाही, उजव्या हाताचे दोनच स्वर आलटून पालटून धरून ठेवले. ड्रमवाल्याने काठ्या ठेवून ब्रश उचलले. तार लागली, आणि बासवाल्याने तेच दोन स्वर खालच्या सप्तकात घेऊन चालीचा तो उरलेला भाग स्वतःच वाजवला. म्हणजे तो भाग उलगडला गेला होता. पियानोवर नाही, बासवर. मी पियानोच्या हातांकडे बघत, रेकॉर्डवरची आठ मापं कधी येतात याची वाट पाहत बसले होते.

ज्या रेकॉर्डने मला थांबणं ऐकायला शिकवलं, तिची उजळणी मी घरी शंभरदा केली, आणि डोळ्यांसमोर तीन माणसं तेच करत असताना ते वहीत खरडून पुढे गेले. यात रेकॉर्डचा दोष नाही, असं मी अजूनही म्हणेन. दोष माझाच, आणि तो तुम्ही बरोबर धरलात. फक्त 'घरीच का नाही बसलात' हे मला पटत नाही. घरी बसले असते तर वहीत ती तिरकी ओळ तरी आली असती का?

मागच्या लेखातला तो परिच्छेद मी काढलेला नाही. काढला असता तर तुमची प्रतिक्रिया खाली अधांतरी लटकली असती. त्याच्याखाली वहीतली ओळ आणि वरचा खुलासा जोडलाय. पियानोवाल्याबद्दलचं 'कच्ची तयारी' हे विशेषण तेवढं मागे घेतलंय, कारण ते निव्वळ चूक होतं.

व्हॅनगार्डच्या त्या दिवसातलं नेमकं काय ऐकायचं, असंही तुम्ही शेवटी विचारलंत, जरा खोचकपणेच. तरी सांगते: 'जेड व्हिजन्स', लफारोचीच रचना. तिचे दोन टेक आहेत, दोन्ही लागोपाठ ऐका. प्रेसिंग कुठलंही चालेल, फोनवर ऐकलंत तरी चालेल.

ती त्रयी पुढच्या महिन्यात पुन्हा वाजवणार आहे. मी जाणार आहे, वहीही नेणार आहे. आधीचे आठ दिवस मात्र त्या चालीची रेकॉर्ड कपाटातून काढायची नाही असं ठरवलंय. काल काढली होती, पण आठ दिवस अजून सुरू झालेले नाहीत.