चल, आईस्क्रीम खायला जाऊ

एखादी रूढी टिकवायची तर धर्मगुरू लागतात, जाडजूड ग्रंथ लागतात, असा आपला उगाच समज असतो. काही लागत नाही. एक आजी, एक आई, शाळेला सुट्टी असलेली एक दुपार आणि आईस्क्रीमपुरते सुटे पैसे, बास. मुलींची खतना, म्हणजे त्यांच्या जननेंद्रियाचा तुकडा काढून टाकणं, चालू ठेवायची असेल तर एवढ्या भांडवलात पिढ्यान्‌पिढ्या काम भागतं. भागलेलं आहे.

मुलगी सात वर्षांची झाली की तयारीला लागा. दाऊदी बोहरा या मुस्लिम जमातीत साधारण हेच वय धरतात, आणि सोयीच्या दृष्टीने त्याला तोड नाही. चार वर्षांची पोर जिना उतरायच्या आत सगळं बडबडून टाकेल. बाराव्या वर्षी ती प्रश्न विचारेल. सातव्या वर्षी कसं, ‘कोईने कहेवानुं नहीं’ म्हटलं की खरंच कोणाला सांगत नाही. चाळीस-चाळीस वर्षं सांगत नाही.

तिला चांगला फ्रॉक घाला. आईस्क्रीम म्हणा, वाढदिवस म्हणा, काहीही सांगा. नातीचा आजीवर विश्वास असतो, तो अशा वेळी कामी येतो. भेंडीबाजारात जुन्या इमारती पाडून टॉवर उठतायत, त्यामुळे अंधारा लाकडी जिना मिळेलच असं नाही, पण लिफ्टनेही पोचता येतं. दाराशी चपला, आतल्या खोलीत चटईवर प्लास्टिक. मासी हात धरेल, आजी पाय धरेल. हे काम परक्यावर सोपवू नका. धरणारं माणूस घरचं असलं म्हणजे पोरीच्या कायमचं लक्षात राहतं. मग ब्लेड. मिनिटभराचं काम. वर काळी पूड, फडक्याची घडी, आणि ‘रडायचं नाही, आपल्यात सगळ्यांचं होतं.’ आईस्क्रीम मात्र खरंच द्या. शब्द पाळावा माणसाने.

बापाला सांगायची गरज नाही. हा बायकांचा मामला. बाप त्या वेळी दुकानात असतो आणि पुढेही आयुष्यभर दुकानातच असतो.

आता भाषा. ‘कापलं’ हा शब्द तोंडातून जाता कामा नये. ‘खफ्ज’ म्हणा, भारदस्त वाटतं. पोरीशी बोलताना ‘हराम नी बोटी’ काढली असं सांगितलं तरी चालेल. आपल्या अंगावर हरामाचं काहीतरी उगवलं होतं हे तिला एकदा कळलं की पुढचं काम ती स्वतःच करते. बाहेरच्यांशी बोलताना ‘नाममात्र’, ‘जरासं कातडं’. जागतिक आरोग्य संघटना क्लिटोरिस किंवा नुसतं त्यावरचं आवरण काढणं हाही जननेंद्रिय विच्छेदनाचाच पहिला प्रकार धरते आणि त्यापासून आरोग्याला काडीचा फायदा नाही असं म्हणते. म्हणू दे. तुम्ही सोमालियाकडे बोट दाखवा: ‘ते शिवून टाकतात ते वाईट, आमचं तसलं नाही.’ सोमालियात शंभरातल्या नव्याण्णव बायकांची खतना झालेली असते, आणि तिथेही हल्ली अनेकजणी म्हणतात, ‘ती जुनी फारोच्या काळची पद्धत वाईट, आमचं नुसतं सुन्ना.’ प्रत्येकीला बोट दाखवायला कोणीतरी असतंच.

रक्ताची, जंतूंची भीती वाटत असेल तर डॉक्टर गाठा. इजिप्तने हा मार्ग घालून दिलाय. २००८ मध्ये कायद्याने बंदी आली, २०१६ आणि २०२१ मध्ये शिक्षा वाढल्या, आणि दरम्यान दायांच्या हातातलं काम डॉक्टर-नर्सांच्या हातात कधी गेलं ते कळलंही नाही. स्वच्छ खोली, हातमोजे, पावती मात्र नाही.

कोणी कारण विचारलंच तर गडबडू नका. धर्म, स्वच्छता, ‘पोरगी वाहावत जाऊ नये’, यातलं समोरच्याला मानवेल ते द्या. हल्ली एक नवं कारणही आलंय: याने म्हणे नवरा-बायकोचं सुख वाढतं. आजी सांगायची इच्छा कमी होते, नात सांगते वाढते. ब्लेड तेच. दोघींना एकाच वेळी एकाच पाहुण्यासमोर बसवू नका, एवढंच पथ्य.

खरा धोका पाहुण्यांचा नाहीच, घरच्या बायकांचा आहे. ‘सहियो’ या संस्थेने २०१७ मध्ये ३८५ बोहरा बायकांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. ८० टक्के जणींची खतना झालेली होती. आणि ही चालू राहू नये म्हणणाऱ्या ८१ टक्के. त्या तर इंटरनेटवर फॉर्म भरणाऱ्या, शिकलेल्या, असं म्हणून झटकून टाका. पण लग्नाच्या जेवणाला थाळाभोवती आठ जणी बसल्या, मीठ चाखून झालं, रिदा या बोहरा बुरख्याच्या बाह्या सावरून हात एकाच ताटात गेले, की जरा मनातल्या मनात हिशेब करा. आठातल्या सहाजणींना हे नको असेल. प्रत्येकीला वाटतंय, उरलेल्या सात जणींना हवंय. हा गैरसमज जिवापाड जपा. विषय बिर्याणीवर ठेवा, सुनांच्या नोकरीवर ठेवा, अगदी पोरींच्या लग्नावर ठेवा. एकीने जरी ‘तुला आठवतं का गं?’ म्हटलं तर थाळ गार होईल आणि बाकीचंही बरंच काही.

धीर सुटत असेल तर कब्रस्तान आठवा. बहिष्कृत झालेल्याला नमाज कुठे, माती कुठे, हा प्रश्न बोहऱ्याला नव्याने समजवावा लागत नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला होता. तेव्हाच्या सय्यदनांनी, म्हणजे बोहरांच्या धर्मगुरूंनी, त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. एवढं माहीत असलेली आई मुलीचं बोट धरून जिना चढते, तेव्हा तिला कोणी ढकलावं लागत नाही.

सरकारचं फारसं मनावर घेऊ नका. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बंदीसाठी याचिका आली. महिला व बालविकास मंत्रालयाने त्या डिसेंबरात कळवलं, की अशी प्रथा असल्याची अधिकृत आकडेवारी वा अभ्यास नाही. मोजलंच नाही तर आकडा येणार कुठून, हे त्यांनी अचूक ओळखलं. पुढच्याच वर्षी सरकारचे वकील म्हणाले, हे आजच्या कायद्यातही गुन्हाच आहे. त्यावर बचावाला बायकांचीच संघटना उभी राहिली, धर्मस्वातंत्र्य मागत. बायका बायकांसाठी भांडतायत म्हटल्यावर पुरुषांनी मध्ये पडणं बरं दिसत नाही. २०१८ मध्ये प्रकरण पाच न्यायाधीशांकडे, मग शबरीमला मंदिरप्रवेशाच्या खटल्याच्या गाठोड्यात नऊ न्यायाधीशांकडे. याचिकेच्या वेळी सात वर्षांची असलेली पोर तेवढ्यात दहावीपर्यंत पोचते. ऑस्ट्रेलियात मात्र जपून. तिथे तीन जण दोषी ठरले, तेव्हा २०१६ मध्ये परदेशांतल्या जमातींनी ‘देशाचा कायदा पाळा’ अशी पत्रं काढली. भारतात या नावाचा कायदाच नाही, त्यामुळे पत्रही कशाला लागतंय. तिकडची भाची सुट्टीत मुंबईला येतेच.

आणि तुम्ही बोहरा नसाल, डोंबिवलीत बसून ‘त्यांच्यात असलं असतं बाई’ म्हणत असाल, तर तुमचीही मदत होते. म्हणत राहा. फक्त १८९० चं कोणी काढलं तर ऐकू आलं नाही असं करा. मुंबईत न्हावी जमले आणि विधवांचे केस भादरणार नाही म्हणाले. न्हावी म्हणाले हां. घरातल्या सासवा-नणंदा नव्हेत. त्या अजून आलवण घडी करून ठेवत होत्या.

एक खबरदारी तेवढी सांगून ठेवते. अलीकडे काही सुना पोरीला घेऊन निघतात, दोन तास कुठेतरी समुद्रावर बसतात, पोरीला आईस्क्रीम खाऊ घालतात आणि परत येऊन सासूला खाली मान घालून सांगतात, ‘झालं.’ पोरगीही गप्प. तिलाही तेच सांगितलेलं, कोईने कहेवानुं नहीं. खरं-खोटं करायचं तर विचारावं लागेल, आणि याबद्दल विचारायचं नाही हा तर तुमचाच नियम. पोरीच्या फ्रॉकवर पिस्त्याचा डाग दिसेल. तो कशाने जातो तेवढं सुनेला विचारा.