चालणारा मिक्सर आधी फेकून द्या

आज घरी गेलात की पहिलं काम हे करा, स्वयंपाकघरात उभं राहून जी वस्तू पंधरा वर्षांच्या वर न कुरकुरता चालतेय ती शोधून काढा. सापडली? मग जरा लाज वाटू द्या. कंपन्या बिचाऱ्या दर सहा महिन्यांनी नवीन मॉडेल काढून दमल्यात आणि तुम्ही १९८६ च्या मिक्सरवर खोबऱ्याची चटणी वाटत बसलात.

आमच्याकडे आहे असा एक. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहायचो तेव्हा बाबांच्या बोनसमधून आईनं घेतलेला, मूळचा पांढरा, आता ताकाच्या कढीसारखा पिवळा, आवाज असा की उद्या इडली आहे हे खालच्या मजल्याला आदल्या रात्रीच कळतं. दोनदा कार्बन बदललेत, भांड्यांचे वायसर आणि कपलर किती बदलले ते आईलाही आठवत नाही. कपलर म्हणजे भांड्याखालचं ते दातेरी प्लॅस्टिक, ते मुद्दामच कच्चं ठेवलेलं असतं, भांडं अडकलं तर आधी ते तुटावं आणि मोटर वाचावी म्हणून. किती मागासलेला विचार आहे बघा, वीस-तीस रुपयांची वस्तू मरते आणि हजारोंची वाचते! हल्ली बरेचदा मोटर जळते आणि कपलर नव्यासारखा चकचकीत राहतो, प्रगती म्हणतात ती हीच.

आणि तुमचा मिक्सर वाटता वाटता एकदम बंद पडला तर चुकूनही उलटा करून बघू नका. बऱ्याच मिक्सरना खाली एक छोटं लाल बटण असतं, लोड जास्त झाला की ते बाहेर येतं, पाच-दहा मिनिटं थांबून आत दाबलं की गाडी चालू. ही गोष्ट कळली तर नवीन मिक्सर घ्यायचं एक चांगलं कारण हातचं जातं. बहुतेक लोक सुदैवानं खाली बघतच नाहीत.

रिपेरिंगवाल्यांपासून तर लांबच राहा. रावपुऱ्यात एका गल्लीत आमचे एक मिस्त्री काका बसतात, दुकान म्हणजे दोन कपाटांमधली फट, आणि ह्या माणसाला धंदा अजिबात कळत नाही. आईनं एकदा विचारलं की काका, आता हा टाकून द्यावा का, तर म्हणाले, "आ तो हजु वीस वरस चालशे, बेन." गिऱ्हाइकाला कोणी असं बोलतं का? शोरूममधला मुलगा बघा, वस्तूला हात न लावता लांबूनच सांगतो, सर, याचे पार्ट येणं बंद झालं. याला म्हणतात अनुभव.

तुम्हाला वाटेल हे सगळं आजकालचं आहे, तर तसं नाही, मोठी परंपरा आहे. १९२४ च्या डिसेंबरात जिनिव्हात जगातल्या मोठमोठ्या बल्ब कंपन्या एकत्र बसल्या, ओसराम, फिलिप्स वगैरे सगळी खानदानी मंडळी, आणि त्यांनी फीबस नावाची युती केली. तोपर्यंत बल्ब दीड-दोन हजार तास चालायचे. ह्यांनी ठरवलं, हजार तास पुरे. आणि नुसतं ठरवून थांबले नाहीत, कोणाचा बल्ब जास्त चालला तर त्या कंपनीला दंड! आपल्याकडे नापास होणाऱ्या पोराला मार पडतो, तिथं पहिला नंबर काढणाऱ्याला पडायचा. इकडे कॅलिफोर्नियात लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात एक बल्ब १९०१ पासून लागलेला आहे, मंद का होईना पण आहे, त्या बल्बला मात्र हा ठराव कोणी वाचून दाखवला नसावा. आता तुम्ही म्हणाल आमच्याकडे एलईडी आहेत, खोक्यावर २५,००० तास लिहिलंय. लिहिलंय ते खरंच आहे हो, आतली एलईडी टिकते, तिला वीज पुरवणारा जो छोटा ड्रायव्हर असतो तो गरम होऊन आधी जातो. म्हणजे नवरदेव ठणठणीत आहे, फक्त घोडी मेली.

असो, मोबाइलच्या रिचार्जकडे येऊ, कारण इथं धर्मकार्य पण आहे. आपल्या पंचांगात अधिक महिना साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एकदा येतो, २०२३ ला अधिक श्रावण आला होता, तेव्हा आमच्याकडे जावयाला चांदीच्या ताटात तेहेतीस अनारसे दिले होते. मोबाइल कंपन्यांच्या पंचांगात महिना २८ दिवसांचा, वर्षाला तेरा रिचार्ज, म्हणजे अधिक महिना दर वर्षी. एवढा पुण्यसंचय दुसरा कुठला धर्म देतो? जावई तरी तीन वर्षांनी एकदा ताटावर बसतो, हा दर वर्षी बसतो, अनारसे नकोत म्हणतो, यूपीआय करा. २०२२ च्या जानेवारीत ट्रायनं, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, यात खोडा घातला आणि सांगितलं की निदान एक प्लॅन तरी पूर्ण ३० दिवसांचा ठेवा, आणि दर महिन्याला त्याच तारखेला रिचार्ज होईल असाही एक ठेवा. कंपन्यांनी आज्ञा पाळली, ठेवला. कुठे ठेवलाय ते ॲपमध्ये शोधायला जाऊ नका, बोट दुखेल, वर जो मोठ्या अक्षरात चमकतोय तोच घ्या.

पाणी शुद्ध करायचं आरओ मशीन विकणारा मुलगा दाराशी आला तर त्याला आधी आत घ्या. भर मे महिन्यात बडोद्याच्या उन्हात टाय लावून आलेला असतो, माणुसकी आहे की नाही? तो बॅगेतून सळ्या असलेलं एक यंत्र काढतो आणि दोन ग्लास मागतो, एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याचं. बटण दाबलं की मिनिटाभरात नळाचं पाणी आधी हिरवट, मग तपकिरी, वर फेस, खाली गाळ, आणि त्याचं पाणी मात्र जसंच्या तसं काचेसारखं. "मॅडम, ये आप बच्चों को पिला रहे हो?" इथं तुम्ही किंचाळायचं आणि ईएमआयच्या फॉर्मवर सही करायची, पद्धत तशी आहे. आमच्या बिल्डिंगमध्येही सगळं सुरळीत चाललं होतं, तीन फ्लॅट उरकले होते, चौथ्या फ्लॅटमध्ये काकू निघाल्या. आयुष्यभर केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेल्या. त्या काही बोलल्या नाहीत, आतून मिसळणाचा डबा घेऊन आल्या, त्याच्या शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं, चमच्यानं ढवळलं आणि म्हणाल्या, अब दबाओ. ते पाणी नळाच्या पाण्याच्या वरताण निघालं, उसाच्या रसाला गंज चढावा तसं.

मग काकूंनी जिन्यातच वर्ग घेतला. एक सळई लोखंडाची असते, वीज वाहिली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं, तो गाळ म्हणजे सळईचाच गंज. नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात म्हणून वीज वाहते, आरओच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात म्हणून वाहत नाही, एवढाच खेळ. आणि पाण्यात खरोखर जंतू असले तर ते या यंत्राला कधीच दिसणार नाहीत, त्यासाठी पाणी लॅबमध्ये द्यावं लागतं. मुलगा घाम पुसत ऐकत होता. काकूंनी त्याला कैरीचं पन्हं दिलं, नळाच्याच पाण्याचं, आणि तो ते गटागटा प्यायला.

तर डेमोच्या वेळी घरात मीठ दिसता कामा नये. आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, ५०० पर्यंत चालतो असं भारतीय मानकात लिहिलंय, ते कोणी सांगायला लागलं तर विषय बदला. सयाजीराव महाराजांनी आजव्याचं तळं बांधून शहरात पाणी आणलं, आता ते आपण आरओमध्ये घालतो, एक लिटर पितो आणि दोन-तीन लिटर सिंकमधून सोडून देतो. महाराजांनाही बरं वाटत असेल.

चार्जर, प्रिंटर वगैरेबद्दल फार सांगायला नको, तुम्ही आधीच तयार आहात. २०२० च्या ऑक्टोबरात ॲपलनं आयफोनच्या खोक्यातून चार्जर काढून टाकला, पर्यावरणासाठी, आणि म्हणाले घरातला जुना वापरा, आणि वायर मात्र अशी दिली की घरातल्या बहुतेक जुन्या चार्जरमध्ये ती जातच नव्हती. मग बाकीच्या कंपन्यांनाही हळूहळू पर्यावरणाची काळजी वाटायला लागली. प्रिंटर तर स्वस्तातला स्वस्त घ्या, शाईनं वसूल होतो तो. काळ्या अक्षरात भाडेकरार छापायचाय आणि प्रिंटर म्हणतो गुलाबी शाई संपली, तर वाद घालू नका, त्याच्या मनात काहीतरी असेल.

ऑनलाइन घेताना थोडी शिस्त पाळा. "फक्त २ शिल्लक" दिसलं की श्वास रोखून पैसे भरा, उद्या परत दोनच शिल्लक असतील पण तो उद्याचा प्रश्न. कार्टमध्ये आपोआप विमा, देणगी, मेंबरशिप चढली असेल तर पाहुणे समजून राहू द्या. "नको, मला पैसे वाचवायचे नाहीत" असं बटण दिसलं की तुमचा अपमान होतोय असं समजू नका, ते घरचंच बोलणं आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला या असल्या तेरा युक्त्यांची यादी काढून त्यांवर बंदी घातली. परत तेराच, रिचार्जइतक्याच! ती यादी वाचू नका, आणि १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर तर अजिबात सेव्ह करू नका, नाहीतर एखाद्या दुपारी रागाच्या भरात फोन लावून बसाल.

आता एक्स्टेंडेड वॉरंटी. ही घ्याच. मी घेतली होती, वॉशिंग मशीनवर, तीन वर्षांची, दुकानदारानं असं समजावलं होतं की मला वाटलं आता मशीन बिघडावं म्हणजे पैसे वसूल होतील. आम्ही तेव्हा मुजमहुड्याच्या बाजूला तळमजल्यावर राहायला गेलो होतो. २०२४ च्या ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, रस्त्यांवर मगरी, लोक गच्चीवर, आमच्या घरात कमरेच्या वर पाणी आणि फ्रीज हॉलमध्ये आडवा तरंगत होता, आई जिन्यात बसून त्याच्याकडे बघत होती, त्यात आदल्याच दिवशी लावलेलं साजूक तुपाचं विरजण होतं. पाणी ओसरल्यावर वॉरंटीचा कागद सुकवला, फोन केला, तर बाई फार गोड बोलली, सर, नैसर्गिक आपत्ती कव्हर होत नाही, ते देवाच्या हातात असतं. देवाची करणी आणि मशीनमध्ये पाणी! मशीनच्या आतलं सर्किटचं कार्ड गेलं होतं, नुसतं कार्ड साडेनऊ हजार, त्यावर पुन्हा नवीन एक्स्टेंडेड वॉरंटी देऊ का असंही तिनं विचारलं. हो म्हणालो मी. सवयीनं.

मिक्सर पण बुडाला होता. चिखलानं भरलेला. त्याला काकांकडे नेलं, त्यांनी उघडून साध्या पाण्यानं धुतला, धुतला हो, मी डोळे मिटून घेतले, मग मोटर काढून चार-पाच दिवस उन्हात ठेवली, व्हार्निश मारलं, बेअरिंगला ऑइल, नवीन कार्बन, चारशे वीस रुपये. दसऱ्याच्या आधी आईनं त्यावर पुरण वाटलं.

एवढा अपमान झाल्यावर मी काय करायला हवं होतं? तेच केलं. दिवाळीला मोठ्या शोरूमात एक्स्चेंज ऑफर लागली होती, जुना मिक्सर आणा, नव्यावर सूट. ॲपवर चालणारा मिक्सर होता हो, फोनवर दिसतं चटणी किती सेकंद वाटली, पहिल्यांदा चालू करताना लोकेशन मागतो, काँटॅक्ट्सपण मागतो. आईला न सांगता पिवळा मिक्सर पिशवीत घालून नेला. विचारलं, हा चालू आहे, चालू असल्याचे काही जास्त? काउंटरवरचे शेठ म्हणाले, "चालु होय तोय तणसो, बंध होय तोय तणसो." म्हणजे चालू असो की बंद, तीनशेच. हा हिशोब मला आवडला, इतकी वर्षं चालल्याची किंमत बरोबर शून्य.

सही करून निघताना मागे बघितलं. एक्स्चेंजचे बाकीचे मिक्सर मागच्या खोलीत भंगारच्या ढिगावर फेकलेले, आणि आमचा शेठच्या खुर्चीखाली, प्लगला लावून, शेठ वाकून आवाज ऐकतायत. मी विचारलं, हा इकडे कसा? म्हणाले, "आ तो घेर लई जईश." म्हणजे हा ते स्वतःच्या घरी नेणार.

म्हटलं, मग राहू दे, मला परत द्या, हे घ्या तुमचे तीनशे.

"हवे आठसो थशे," शेठ म्हणाले.

दिले आठशे. पावती मागितली नाही. नवा मिक्सर माळ्यावर आहे, खोक्यात, वॉरंटी अजून चालू आहे त्याची.