रिचर्ड राजाने कमांडारिया प्यायलीच नव्हती, निदान त्या नावाने तरी नाही

गेल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या ग्रुपवर एकच फॉरवर्ड आला, त्यातल्या एका ग्रुपवर तर दोनदा. सोबत दाराशी ठेवलेल्या भल्यामोठ्या मातीच्या रांजणाचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: सायप्रस या चिमुकल्या बेटावर कमांडारिया नावाची वाईन ५००० वर्षं जशीच्या तशी बनते, ती जगातली पहिली वाईन, इंग्लंडच्या रिचर्ड राजाने स्वतःच्या लग्नात ती पिऊन 'राजांची वाईन आणि वाईनींचा राजा' असं म्हटलं, जगातल्या पहिल्या वाईन स्पर्धेत ती पहिली आली, तिच्यापायी तुर्की सुलतानाने अख्खं बेट जिंकलं, आणि तिथल्या वेलींना कीडच लागत नाही म्हणून फवारणी शून्य.

मी सायप्रसमधल्या लिमासोल शहरात कामानिमित्त काही महिने होतो आणि आमचं घर तासगावकडचं, म्हणजे द्राक्ष आणि बेदाणा यावर गप्प बसणं जमत नाही, म्हणून लिहितोय.

आधी ते 'पहिली वाईन' निकालात काढू. जॉर्जिया देशात सापडलेल्या मडक्यांत वाईनचे अंश मिळालेत ते जवळपास ८००० वर्षांपूर्वीचे. सायप्रसलाही वाईन फार जुनी आहे, वाद नाही, पण कमांडारियाचा मान वेगळा आहे: आजही बनणाऱ्या वाईनींमध्ये तिचं नाव सगळ्यात जुनं समजतात. नाव जुनं आणि वाईन पहिली, यात फरक आहे की नाही? 'जशीच्या तशी' म्हणणाऱ्यांचा आधार बहुतेक हेसिअड हा ग्रीक कवी, ख्रिस्तपूर्व ७०० च्या आसपासचा. तो सांगतो, द्राक्षं दहा दिवस दहा रात्री उन्हात ठेवा, पाच दिवस सावलीत, मग रस काढा. पद्धत तीच वाटते खरी, पण गडी ग्रीसमधल्या आपल्या शेतीबद्दल बोलतोय, सायप्रसचं नावही काढत नाही.

आता रिचर्ड, माझा सगळ्यात आवडता भाग. लग्न झालं हे खरं, लिमासोललाच झालं, १२ मे १११९१ असं फॉरवर्डमध्ये छापलंय, एक आकडा जास्तीचा, ते ११९१ आहे. तिथली गोड वाईन त्याने प्यायलीही असेल, लग्नात कोण सोडतं. पण कमांडारिया हे नाव आलं 'कमांडरी'वरून, म्हणजे नाइट लोकांच्या, धर्मयुद्धं लढणाऱ्या ख्रिस्ती योद्ध्यांच्या, जहागिरीच्या ठाण्यावरून. रिचर्डने बेट जिंकलं, मग टेम्पलर या संघाच्या नाइटांना विकलं, त्यांना ते झेपलं नाही म्हणून ११९२ मध्ये ते लुसिन्यान या फ्रेंच घराण्याकडे गेलं, आणि लिमासोलजवळच्या कोलोसीची जमीन, जिथे ही कमांडरी झाली, हॉस्पिटलर या दुसऱ्या संघाच्या नाइटांना मिळाली १२१० च्या सुमारास. म्हणजे ज्या ठाण्यावरून नाव पडलं ते ठाणंच लग्नाच्या वेळी नव्हतं! ते 'राजांची वाईन' वाक्य कुठल्या समकालीन नोंदीत असेल तर दाखवा, मी पोस्ट मागे घेतो.

स्पर्धेचं तर अजून मजेशीर आहे. ती १३व्या शतकातली एक फ्रेंच विनोदी कविता आहे. त्यात राजा देशोदेशीच्या वाईन मागवतो, एक इंग्रज पाद्री चाखत बसतो आणि वाईट निघालेल्या वाईनला धर्मबहिष्कृत करतो. सायप्रसची वाईन त्यात अव्वल ठरते, तिला चक्क पोपचं पद मिळतं. कवितेत. निकालपत्र समजून काय फिरवताय.

सुलतानाचं ऐका. हा सुलतान दुसरा सेलीम दारूबाज म्हणून बदनाम होता, त्यावरून ही गोष्ट रचली गेली. पण सायप्रस तेव्हा व्हेनिसच्या ताब्यात, इजिप्त ते इस्तंबूल या जलमार्गाच्या ऐन मध्ये, तिथे आसरा घेऊन चाचे हज यात्रेकरूंची आणि मालाची जहाजं लुटायचे. १५७०-७१ ची मोहीम त्यासाठी, आणि सुलतान स्वतः तिकडे फिरकलासुद्धा नाही, लढला त्याचा सेनापती लाला मुस्तफा पाशा.

फवारणीचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे आणि अर्धं खरंच जास्त फसवतं. फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड, १९व्या शतकात तिने युरोपच्या बागा झोपवल्या. सायप्रसला ती पोचली नाही, बाहेरून रोपं-काड्या आणण्यावर कडक बंधनं होती, त्यामुळे तिथल्या जुन्या वेली अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, दुसऱ्या वेलीच्या खुंटावर केलेलं कलम नाही. आपल्याकडे डॉगरिज या जातीच्या खुंटावर कलम केल्याशिवाय बाग लावायचं कोणी बोलत नाही, अर्थात आपलं कारण वेगळं, खारं पाणी आणि दुष्काळ. पण फिलॉक्सेरा नाही म्हणजे भुरी, म्हणजे वेलीवरचा पांढरट बुरशीचा रोग, नाही असं थोडंच आहे? भुरी तिथेही येते आणि गंधक तिथेही मारतात.

या सगळ्या राजा-सुलतानांच्या भानगडीत मूळ काम कोणी सांगतच नाही. त्रोदोस डोंगराच्या दक्षिण उतारावरची फक्त १४ गावं, झूपिगी, कालो खोरिओ, लानिया वगैरे, एवढ्याच गावांच्या द्राक्षांची कमांडारिया होते. दोनच जाती, पांढरी झिनिस्तेरी आणि काळी माव्रो. मांडव नाही, बुटकी झुडपं. सप्टेंबरात मी बघितलं तेव्हा उतारावर जाळ्या पसरून त्यावर घड मांडलेले, वरून रखरखीत ऊन, आणि एक आजी वाकून एकेक घड उलटत होत्या. आपण बेदाण्याला डिपिंग ऑइल मारून शेडमध्ये रॅकवर सावलीत वाळवतो, इथे थेट उन्हात, आणि पूर्ण बेदाणा व्हायच्या आधीच उचलून पिळायचं. रसात साखर लिटरमागे ४०० ग्रॅमच्या आसपास जाते. यीस्ट साधारण १५ टक्के अल्कोहोलला दमून थांबतं, उरलेली साखर तशीच राहते, म्हणून ती गोड. वरून अल्कोहोल घालायला परवानगी आहे, सक्ती नाही, तेव्हा 'पोर्टसारखी' (पोर्ट म्हणजे वरून अल्कोहोल घातलेली पोर्तुगालची गोड वाईन) असं सरसकट म्हणू नये. नंतर किमान दोन वर्षं ओकच्या पिंपात. चव? खजूर, सुकं अंजीर आणि थोडा जळका गूळ.

आणि बाकी बेट याच वाईनवर जगलं असंही नाही. विसाव्या शतकात तिथल्या मोठ्या कंपन्यांचा धंदा होता स्वस्त वाईन आणि ब्रिटनला जाणारी 'सायप्रस शेरी', म्हणजे स्पेनच्या शेरी वाईनच्या धर्तीवरची. १९९६ पासून शेरी हे नाव फक्त स्पेनचं झालं आणि ते दुकान बसलं.

फोटोतल्या रांजणाला तिकडे पिथारी म्हणतात, पूर्वी त्यातच वाईन मुरायची. मी जे पाहिले त्यातल्या बहुतेकांत जिरेनियम लावलेलं होतं. फॉरवर्डमधल्या फोटोतही आहे, झूम करून बघा.