‘आधी घर द्या, चेंडू कसले वाटता?’

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. मजकूर थोडक्यात असा: बेघरांना फुटबॉल खेळवणं ही श्रीमंतांची हौस. वर्ल्ड कपच्या नावाखाली फुकट परदेशवारी. आठ दिवस टाळ्या, नवव्या दिवशी पुन्हा फूटपाथ. भारताच्या संघात तर बेघर नसतातच, झोपडपट्टीतली पोरं असतात. या लोकांना घर हवंय, चेंडू नको. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

रोख ‘होमलेस वर्ल्ड कप’वर आहे. ही स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात पहिल्यांदा भरली, तेव्हा १८ संघ होते. कल्पना मेल यंग आणि हाराल्ड श्मीड यांची. दोघंही, बेघर माणसं रस्त्यावर उभी राहून जी नियतकालिकं विकतात, त्या धंद्यातले. त्यामुळे हौशी श्रीमंतांचा मुद्दा इथेच सोडू.

परदेशवारीचं बघू. या स्पर्धेत कुठलाही खेळाडू आयुष्यात एकदाच खेळू शकतो. दरवर्षी तेच चेहरे विमानात, असं होऊच शकत नाही. मैदानात गोलकीपर धरून चौघं, सामना सात-सात मिनिटांचा. बरोबरी झाली तर पेनल्टीवर निकाल, आणि त्यात हरणाऱ्यालाही एक गुण. सुरुवातीला हरलात म्हणून कुणाला घरी (हा शब्द इथे जपूनच वापरायला हवा) पाठवत नाहीत, शेवटपर्यंत सगळे खेळतात.

आणि ‘फुकट’ म्हणणाऱ्याने पासपोर्टचा फॉर्म आठवावा. पत्त्याचा पुरावा, जन्माचा पुरावा. ज्याचं गाठोडं एकदा पावसात भिजलं आणि एकदा अतिक्रमणवाल्यांच्या गाडीत गेलं, तो काय दाखवणार? संघात निवड झाली की कुणाला तरी त्याच्याबरोबर त्या खिडकीसमोर उभं राहावंच लागतं. कागद हातात आला की स्पर्धा संपली तरी तो उरतो. बँकेचं खातं, नोकरी, भाड्याची खोली, सगळीकडे पहिला प्रश्न कागदाचाच असतो.

‘नवव्या दिवशी पुन्हा फूटपाथ’ यात तथ्य आहे, आणि त्याला खेळाची बाजू घेणारेही जबाबदार आहेत. बेबे नावाचा पोर्तुगीज पोरगा निवाऱ्यात वाढला, बेघरांच्या रस्ता-फुटबॉलमध्ये चमकला आणि २०१० मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला घेतलं, ही गोष्ट इतक्यांदा सांगितली जाते की ऐकणाऱ्याला वाटतं, काम म्हणजे हेच. असा एखादाच निघतो. संयोजकांच्या पाहणीत नव्वद टक्क्यांहून जास्त खेळाडू ‘फायदा झाला’ म्हणतात, त्यावरही मी फार भिस्त ठेवणार नाही. ज्यांनी खेळवलं त्यांनीच विचारलं, आणि कौतुक झालेला माणूस चांगलंच बोलतो.

पण आठ दिवसांवर वाद घालणंच चुकीचं आहे. खरं काम होतं ते वर्षभराच्या सरावात. ठरलेला वार, ठरलेली वेळ, आणि गैरहजर राहिलं की दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारणार, ‘काल का नाही आलास?’ रस्त्यावर राहणाऱ्याला एरवी हवालदार विचारतो, ‘इथे का बसलास?’ हा प्रश्न बरोबर त्याच्या उलटा आहे. व्यायाम एकट्यालाही करता येतो. चौघांच्या संघात मात्र एक जण आला नाही की बाकीच्यांचं अडतं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, ही भावना निवाऱ्यातल्या खाटेवर मिळत नाही.

झोपडपट्टीचा मुद्दा मान्य. जनगणनेत उघड्यावर, पुलाखाली, पाइपात राहणारे तेवढे बेघर धरतात. २०११ मध्ये ते १७ लाखांच्या वर होते. झोपडीवाला त्यात येत नाही. पण लपवाछपवी कुठे आहे? भारतातून संघ पाठवणाऱ्या नागपूरच्या संस्थेचं नावच ‘स्लम सॉकर’. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी पोरं पाहिली, तिथून हे सगळं सुरू झालं. अगदी पुलाखालच्या माणसापर्यंत खेळ पोचवणं आपल्याकडे अजून बरंच बाकी आहे, असं फॉरवर्डवाल्याने म्हटलं असतं तर मी अंगठा दिला असता.

राहता राहिलं ‘आधी घर द्या’. शंभर टक्के बरोबर! फिनलंडने २००८ पासून तेच केलं, व्यसन सोडण्याची अट न घालता आधी घराची किल्ली दिली, आणि तिथले बेघर खूप कमी झाले. फक्त चेंडू आणि घर यांचा खिसा एक नाही. चेंडू पाच-सातशे रुपयांना येतो, तो न घेतल्याने कुठली भिंत उभी राहणार? शहरात दर लाख लोकवस्तीमागे शंभर जणांचा एक निवारा असावा, असं केंद्राच्या योजनेतच म्हटलं होतं. तो फुटबॉलमुळे अडलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मागच्या गल्लीत, बंद पडलेल्या शाळेत असा एक निवारा व्हायचा होता. ‘परिसर बिघडेल’ म्हणून याच ग्रुपवर हरकतीचा अर्ज फिरला. परवा फॉरवर्ड टाकणाऱ्या काकांची सही त्यात पहिली आहे. सातव्या ओळीत आमच्या फ्लॅटचा नंबर आहे.