साइज जुळली म्हणून टायर चालत नाही

कॅम्पर व्हॅनच्या (आत राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या व्हॅनच्या) टायरांबद्दल एक मेसेज सध्या व्हॉट्सअॅपवर जोरात फिरतोय. सुरुवात 'दुकानदार लुटतात, सावध राहा' अशी, आणि पुढे सल्ले: साइज जुळली की कोणताही टायर बसवा, कारचा एक्स्ट्रा लोडवाला स्वस्तात मिळाला तर उत्तमच. समृद्धीवर जायचं तर हवा कमी ठेवा किंवा नायट्रोजन भरा. ग्रिप आहे तोवर टायर बदलू नका. ठाणे-नवी मुंबईत हौसेने व्हॅनचा कॅम्पर करून घेणाऱ्यांनी हे वाचून टायर घेतले तर कठीण आहे.

आधी साइजचं. 235/65 आर 16 ही एकच साइज घ्या. कारच्या धाटणीच्या टायरवर पुढे 103 लिहिलेलं असतं, तर 'सी' लिहिलेल्या व्यावसायिक टायरवर 115/113. हा लोड इंडेक्स. 103 म्हणजे एका टायरला 875 किलो, 115 म्हणजे 1215. (113 हा आकडा मागे जोडचाकं असतील तर.) आता समजा, सामान भरल्यावर तुमच्या मागच्या अॅक्सलवर, म्हणजे मागच्या दोन चाकांवर मिळून, 2200 किलो येतात. 103 चे दोन टायर 1750 किलो पेलतील, 115 चे 2430. म्हणजे साइज तीच, पण पहिली जोडी घरातून निघतानाच ओव्हरलोड. 'एक्स्ट्रा लोड' हा शब्द कारच्या हिशेबातला एक्स्ट्रा आहे, फ्रीज, बॅटऱ्या, पलंग आणि पाण्याची टाकी लादलेल्या व्हॅनच्या नाही.

'पण माझ्या गाडीचं वजन कुठे तेवढं आहे?' असं वाटतंच. मग मोजा की! तुर्भे, कळंबोली भागात ट्रकवाल्यांचे वजनकाटे आहेत. टाकी भरून, सिलिंडर, सामान, माणसांसकट जा. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं काट्यावर घ्या. 150 लिटर पाणी म्हणजे सरळ 150 किलो, आणि टाकी व ओटा एकाच बाजूला असतील तर त्या बाजूचा टायर जास्त सोसतो. त्यामुळे टायर काठोकाठ नको, थोडी शिल्लक ठेवून घ्या. आरसी बुकातल्या एकूण वजनाच्या वर काटा गेला तर मात्र आधी सामान उतरवा. जाडजूड टायर घालून ती मर्यादा वाढत नाही.

हवा कमी ठेवायचा सल्ला सगळ्यात घातक. 5 जून 2025 ला इगतपुरी-आमणे टप्पा खुला झाला आणि 701 किलोमीटरचा समृद्धी ठाणे जिल्ह्यापर्यंत आला. काँक्रीट तापतं, हे खरं. पण टायर फुटतो तो बहुतेकदा हवा कमी असल्यामुळे: साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, प्रत्येक फेऱ्याला दबते, दबून गरम होते, आतले थर सुटतात. शिवाय टायरवरचा भार ठरावीक दाबालाच पेलला जातो. दाब उतरवला की 1215 किलोही उरत नाहीत. हवा सकाळी, गाडी थंड असताना कंपनीच्या तक्त्याप्रमाणे भरा. थंडपणी 60 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असलेली हवा दुपारी 67-68 झाली तर घाबरून सोडू नका, ती तशीच होणार.

नायट्रोजनबद्दल फार बोलायला नको. साध्या हवेत तो 78 टक्के असतोच, आणि उरलेला भरल्याने गरम टायर थंड होत नाही.

ग्रिपचा मुद्दा ट्रकला लागू पडतो, कारण तिथे रबर झिजून संपतं. कॅम्पर महिनोन्महिने सोसायटीत पूर्ण वजन घेऊन उन्हात उभा असतो. टायर नवा दिसतो, पण साइडवॉलला बारीक तडे गेलेले असतात. टायरच्या बाजूवर 'डॉट' (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. हे आकडे एकाच बाजूला असतात आणि नेमके गाडीच्या आतल्या अंगाला जातात, त्यामुळे मोबाइलचा टॉर्च घेऊन खाली वाकावं लागतं. 5 वर्षांनंतर दरवर्षी तपासा, 10 नंतर काढाच, असं टायर कंपन्या सांगतात. कॅम्परला मी 6 च्या पुढे थांबणार नाही. दुकानात 'नवीन' म्हणून दिलेल्या टायरचेही आकडे बसवण्याआधी वाचा.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट व्हॉल्व्हची, म्हणजे हवा भरायच्या नळीची. साधा रबरी व्हॉल्व्ह 65 पीएसआयपर्यंतचा असतो. तुमच्या टायरला त्याहून जास्त हवा लागत असेल तर टायरसोबतच धातूचा व्हॉल्व्ह मागून घ्या आणि रिम तेवढा दाब व भार घेते का, तेही विचारा.