आता अंधारही ठेवू नका

एक साधी गोष्ट मागतोय. उन्हाळ्यात रात्री अंगणात बाज टाकून पडावं आणि माळावरून येणारा रातवा पक्ष्याचा आवाज ऐकावा. तेवढंही नशिबात राहिलं नाही. का, तर आमच्या बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या बाजूला माळाच्या कडेनं फार्महाऊसं उगवलीत, आणि शनिवारची दिवेलागण झाली की तिथं डीजे सुरू होतो.

ज्यांनी रातवा ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काचेची गोटी फरशीवर सोडली की आधी सावकाश टप्पे घेते आणि मग भराभर टपटपत थांबते ना, तसा. चक्... चक्... चक्-चक्-चकर्रर्र. पक्षी सहसा दिसत नाही. अंगाचा रंग वाळक्या पाल्याचा, दिवसभर जमिनीला चिकटून बसणार, अगदी पायाखाली येईपर्यंत कळणार नाही. अंधारलं की उठतो आणि उडता उडता पतंग, भुंगेरे, पंखवाली वाळवी मटकावतो. चांदण्या रात्री जास्तच बोलतो.

आमच्याकडे शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची असायची. आबा पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला निघायचे आणि मी मागं बॅटरी घेऊन. वाटेत लांबवर दोन लाल ठिणग्या दिसायच्या. रातव्याचे डोळे. मी थबकायचो. आबा म्हणायचे, "चल रं, किडं खातंय ते बिचारं, तुला काय करतंय!" अगदी जवळ गेलं की ते आवाज न करता उठायचं आणि थोडं पुढं जाऊन परत वाटेतच बसायचं. वाफा भरेपर्यंत आबा बांधावर टेकून तंबाखू मळायचे. फारसं कुणी बोलायचं नाही, रातव्याचं चाललेलं असायचं. आबा जाऊन बरीच वर्षं झाली. पण तो चकर्रर्र कानावर आला की मला ओल्या मातीचा आणि तंबाखूचा वास येतो, खरोखर येतो. म्हणून चिडलोय मी. पक्षिनिरीक्षक वगैरे कुणी नाही.

लाऊडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, असा नियम २००० सालापासून आहे. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. इथं आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात. सणासुदीला सरकार वर्षातून फार तर १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण त्यात कुणाच्या 'भावाचा बड्डे' बसतो असं माझ्या तरी वाचनात नाही. पोलिसांच्या ११२ नंबरला फोन लावला तर "सांगतो त्यांना." कुणाला सांगतात देव जाणे. एकदा स्वतः गेलो. एक पोरगा हातात ग्लास घेऊन म्हणतो, "काका, चिल! निसर्गात आलोय, जरा एन्जॉय करू द्या की." अरे, निसर्ग त्या स्पीकरमागं बसलाय होय? आणि वर बाराच्या ठोक्याला फटाके! कोरड्या गवताच्या माळाला लागून, भर एप्रिलात!

बरं, डीजे निदान रविवारी जातो. दिवे कुठं जातात? कंपाउंडला चहूबाजूंनी पांढरेफेक फ्लडलाइट, तोंडं माळाकडे. राखण कशाची करताय, गवताची? त्यात पंचायतीनं वेशीवर हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा मोठा दिवा, उभा केला. रात्रभर किडे त्याच्याभोवती घिरट्या घालून सकाळी खाली खच पडलेला. हेच किडे रातव्याचं जेवण.

आणि रस्ता! दिवसभर तापलेल्या वाटेवर रातवे संध्याकाळी येऊन बसतात, ही त्यांची जुनी सवय. पूर्वी बैलगाडी यायची, ते उठून बाजूला व्हायचे. आता डांबरावरून ऐंशीच्या स्पीडनं फॉर्च्युनर येते. सकाळी दूध घालायला जाताना पिसं चिकटलेली दिसतात. गाडीवाल्याला कळलंसुद्धा नसेल.

सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? 'पडीक'. ज्याला त्याला माळ पडीक वाटतो. सरकारी नकाशातही कितीतरी गवताळ माळ पडीक जमिनीतच मोडतात. अहो, चिंकारा कुठं राहतो? लांडगा कुठं राहतो? धनगरांची मेंढरं कुठं चरतात? रातवा घरटंच करत नाही, उघड्या जमिनीवर दोन अंडी घालतो आणि त्यावर बसून राहतो. त्याच्या लेखी हा माळ म्हणजे घर. त्यावर जेसीबी फिरवायचा, चुना टाकून प्लॉट पाडायचे आणि पाटी लावायची, 'निसर्गाच्या सान्निध्यात'. मयूरेश्वर अभयारण्य आहे ना जवळ, म्हणतील. आहे की. जेमतेम पाच चौरस किलोमीटर. बाकीच्यांनी काय तिथं नंबर लावायचा?

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हायमास्टचा विषय काढणार आहे. सरपंच हसतील, पोरं म्हणतील काकांचं डोकं फिरलंय. म्हणू देत. दहानंतर तो बंद ठेवा, नाहीतर त्याला वरून झाकण घाला आणि उजेड खाली पाडा. आणि ज्याला अंधाराची एवढी भीती वाटते, त्यानं हातात बॅटरी घ्यावी. बाजारात दोनशे रुपयांना मिळते.